वाट पाहणारी होडी

गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा गावची काही मुलं थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून शाळेत जात होती. ही फार जुनी गोष्ट नाही, दोन-तीन वर्षांपूर्वीचीच. हातानं पाणी मागं सारायचं, दप्तर मांडीवर घट्ट धरायचं आणि पाण्यात साप असतात म्हणून बांबूची काठी जवळ ठेवायची. गावाच्या एका अंगाला शिवना, दुसऱ्या अंगाला लाहुकी आणि भोवती जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी. वर्तमानपत्रांत बातमी आली, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली आणि काही दिवस चर्चा झाली. त्या चर्चेत पूल, रस्ता, शाळा, पुनर्वसन हे सगळे शब्द आले. एक शब्द मात्र मला कुठं ऐकू आला नाही, तो म्हणजे बेट.

मराठवाड्यात बेट कुठून येणार, असं वाटणं साहजिक आहे. आपल्या भागाची ओळख टँकर, कोरड्या विहिरी आणि दुष्काळाच्या आणेवारीची. पण १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं आणि या कोरड्या मुलखात सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा नाथसागर पसरला. लांबी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, रुंदी काही ठिकाणी पंचवीसच्याही पुढं. शंभराहून अधिक गावं पाण्याखाली गेली. जे उंचवटे वर राहिले त्यांची तीसेक बेटं झाली. त्यांवर आज पाणपक्षी वस्ती करतात आणि १९८६ पासून हा सगळा परिसर पक्षी अभयारण्य आहे. पक्षी बघायला गेलेल्या माणसाला हे पाणी शांत वाटतं. दुपारी वारा सुटला की याच पाण्यावर लाटा उठतात, आणि मासेमारी करणारे भोई-कहार होड्या लगेच काठाला घेतात. उथळ आणि रुंद पाण्यावर वाऱ्याला मोकळं रान मिळतं. लाटा फार उंच नसतात, पण आखूड असतात, एकामागून एक येतात आणि लहान होडीला सावरायला वेळ देत नाहीत.

या पाण्यात कुणी अडकलं तर त्याला आणायला कोण जातं, हा प्रश्न मला त्या थर्माकोलच्या बातमीपासून छळतो आहे.

उत्तर शोधता शोधता मी फार लांब जाऊन पोचलो. लाइफबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टायटॅनिक येतं, म्हणजे मोठ्या जहाजाच्या कठड्याला टांगलेली, जहाज बुडू लागलं की उतरून बसायची छोटी नाव. त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याकडं जवळजवळ माहीतच नाही. ही दुसरी लाइफबोट जहाजावर नसते, किनाऱ्यावर असते. ती मासे धरत नाही, माल वाहत नाही, उतारू नेत नाही. ती फक्त वाट पाहते. वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्ये उभी असते आणि ज्या दिवशी बाकीचे सगळे आपापल्या होड्या ओढून वर घेतात, नेमकी त्या दिवशी पाण्यात उतरते.

या कल्पनेचं मोठं घर एका बेटावर आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे आणि त्याचं मुख्य बंदर डग्लस. १८०२ मध्ये ड्यूक ऑफ अॅथॉलनं तिथं एक जीवरक्षक नाव दिली. पुढं ती वादळात गेली. १८०८ च्या सुमारास विल्यम हिलरी नावाचा गृहस्थ या बेटावर राहायला आला. त्याच्या घरासमोरच डग्लसचा उपसागर. १८२२ च्या हिवाळ्यात त्यानं एकामागून एक जहाजं खडकांवर फुटताना पाहिली. डिसेंबरमध्ये रेसहॉर्स हे आरमारी जहाज फुटलं तेव्हा मदतीला गेलेले स्थानिक लोकही बुडाले. हिलरी स्वतः नावेत बसून मदतीला जाणारा होता. त्याला पोहता येत नव्हतं, तरी तो जात होता.

त्याला एक गोष्ट कळली होती. धाडस कमी नव्हतं, किनाऱ्यावरची माणसं नेहमीच धावून जात होती. पण त्यांच्याजवळ त्या कामाची नाव नव्हती, सराव नव्हता आणि ती बुडाली तर मागं राहिलेल्या बायकापोरांना विचारणारं कुणी नव्हतं. १८२३ मध्ये त्यानं देशाला उद्देशून एक आवाहन छापलं. ४ मार्च १८२४ ला लंडनमध्ये सभा भरली आणि संस्था स्थापन झाली. तिचंच नाव १८५४ पासून रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. २०२४ मध्ये तिला दोनशे वर्षं झाली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर आज तिची २३० हून अधिक ठाणी आहेत, आणि नावांवर जाणारी बहुतेक माणसं बिनपगारी आहेत. कुणी सुतार, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. पेजर वाजला की हातातलं काम टाकून ठाण्याकडं पळायचं. संस्थेचा खर्च मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतो.

हिलरीची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती २० नोव्हेंबर १८३० ला. सेंट जॉर्ज ही टपालाची आगबोट डग्लसच्याच उपसागरात कॉनिस्टर खडकावर चढली. हिलरीनं गावच्या माणसांसह नाव घातली. लाटेनं तो स्वतः पाण्यात फेकला गेला, बरगड्या मोडल्या, लोकांनी ओढून परत घेतला. नाव खिळखिळी झाली होती, पण आगबोटीवरची २२ च्या २२ माणसं काठाला आली. बचावासाठी गेलेल्यांपैकीही कुणी दगावलं नाही. पुढं १८३२ मध्ये त्यानं त्या खडकावरच एक छोटा बुरूज उभारून घेतला. त्यात पाव आणि गोडं पाणी ठेवलेलं असे आणि मदतीसाठी वाजवायला घंटा होती. बुडणाऱ्यानं खडकावर चढून जीव तगवायचा आणि घंटा वाजवायची. बुरूज आजही उभा आहे. वाळवंटात पाणपोई घालावी तशी समुद्रात घातलेली ही पाणपोई मला फार जवळची वाटते. वाटसरू कोण असेल हे माहीत नसताना त्याच्यासाठी आधीच करून ठेवायचं हे आपल्याकडंही जुनंच आहे.

आता त्या नावा कशा असत ते पाहू, कारण खरी मौज तिथं आहे. १७८९ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या मुखाशी अॅडव्हेंचर नावाचं जहाज काठावरच्या हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत फुटलं आणि कुणालाही काही करता आलं नाही. त्यानंतर तिथल्या लोकांनी बक्षीस लावून नावेचे नमुने मागवले. हेन्री ग्रेटहेडनं १७९० मध्ये बांधलेल्या नावेचं नावच ओरिजिनल. दहा वल्ही, दोन्ही टोकं सारखी निमुळती, म्हणजे वळवत बसायला नको, आणि कडांना बूच नावाच्या हलक्या सालीचे पट्टे बसवलेले. पाणी आत भरलं तरी बुडायची नाही. ती चाळीस वर्षं कामात होती.

बुडू नये इतकं पुरत नाही, उलटली तर पुन्हा सुलटीही झाली पाहिजे. तळाशी जड असलेली लहान मुलांची बाहुली कितीही पाडली तरी उठून बसते. त्याच तत्त्वावर तळाला जड लोखंडी कणा आणि दोन्ही टोकांना उंच, हवाबंद पेट्या. उलटी झालेली नाव त्या दोन फुगीर पेट्यांवर टेकते, जड कणा वर येतो, आणि ती स्थिती इतकी अस्थिर असते की पुढच्याच लाटेसरशी ती फिरून सरळ होते. १८५१ च्या एका स्पर्धेनंतर अशा नावा रुळल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिनं आली. १९६३ मध्ये हवा भरलेल्या रबरी बोटी आल्या. मग वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक जोड जमवली: खाली कडक तळ, भोवती हवेच्या नळ्या. कडक तळामुळं वेग आणि दिशा, नळ्यांमुळं तरंगण्याची हमी. होअर यांनी तिचे हक्क लाइफबोट संस्थेला अवघ्या एका पौंडाला दिले. आज जगभरच्या तटरक्षक दलांत आणि आरमारांत दिसणाऱ्या तशा बोटी याच कुळातल्या.

पण नाव कितीही चांगली असली तरी समुद्र तिचा हिशोब चुकता करतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या लाँगहोप गावाचं ठाणं हे खरं बेटावरचं ठाणं. १७ मार्च १९६९ च्या रात्री आयरीन नावाचं जहाज संकटात सापडलं म्हणून तिथली नाव निघाली. दुसऱ्या दिवशी ती उलटी तरंगताना सापडली. आठही जण गेले. त्यात सुकाणूवरचा डॅन किर्कपॅट्रिक आणि त्याचे दोन मुलगे होते. दुसऱ्या एका घरातलेही बाप आणि दोन मुलगे होते. इवल्याशा बेटावर दोन चुली एका रात्रीत विझल्या. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, ठाणं पुन्हा सुरू झालं. नवी नाव आली आणि तिच्यावर बसायला बेटावरचीच माणसं पुढं आली.

आता आपल्या किनाऱ्याकडं येऊ.

थळसमोर समुद्रात खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ती बांधायला घेतली आणि मायनाक भंडारींनी इंग्रजांचा वेढा असतानाही ती लढवली. याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह पेटलं. मुंबईच्या तोंडाशी १८७५ मध्ये प्राँग्ज खडकावर दुसरं उभं राहिलं. म्हणजे जहाज खडकावर येऊ नये याची काळजी सरकारनं घेतली. खडकावर आलंच तर काय, याचं उत्तर मात्र गावोगावच्या कोळ्यांवर सोडलेलं होतं. दिवा सरकारी होता आणि होडी कोळ्याची. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांची, त्याच एका कामासाठी नाव राखून ठेवणारी संस्था आपल्याकडं उभी राहिली नाही.

कोकणी माणसाचा प्रवास तेव्हा बोटीनंच व्हायचा. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात तुकाराम आणि जयंती या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. संतांची नावं ठेवलेल्या बोटी कोकणी माणसाला घरच्यासारख्या वाटत. त्यांतलीच रामदास. १९३६ मध्ये बांधलेली. १७ जुलै १९४७ च्या सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ संपत आला होता, गटारीचा सण तोंडावर होता, त्यामुळं गावाकडं निघालेल्यांची गर्दी होती. सातशेहून अधिक माणसं बोटीवर होती. थोड्याच वेळात पावसाचं आणि वाऱ्याचं तुफान आलं. काश्याच्या खडकाजवळ लाट चढली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, आणि रामदास कलंडली ती उठलीच नाही. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता.

बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईत कुणाला काही कळलं नाही. एक मुलगा तरंगत्या कड्याच्या आधारानं पोहत मुंबईच्या काठाला लागला तेव्हा कुठं शहराला बातमी समजली, असं सांगतात. बुडणाऱ्यांना वाचवलं ते रेवसच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन मुंबईकडं निघालेल्या होड्या त्या वाटेवर होत्या. त्यांनी पापलेटाच्या टोपल्या समुद्रात ओतल्या आणि त्या जागी माणसं घेतली. एका दिवसाची सगळी कमाई पाण्यात टाकायला त्यांना विचार करावा लागला नाही. ही गोष्ट कोकणात अजून सांगितली जाते आणि ती सांगितली जावी. पण सांगताना हेही लक्षात ठेवायला हवं, की त्या होड्या तिथं होत्या हा योगायोग होता. त्या तिथं नसत्या, तर जे वाचले त्यांतले किती वाचले असते?

रामदासनंतरच्या वर्षांत बरंच बदललं. १ फेब्रुवारी १९७७ ला तटरक्षक दलाचं काम सुरू झालं, १८ ऑगस्ट १९७८ ला कायद्यानं ते स्थापन झालं. समुद्रातला शोध आणि बचाव ही त्यांची जबाबदारी. मुंबईत त्यांचं समन्वय केंद्र आहे, १५५४ हा फोन नंबर आहे. डहाणू, मुरूड आणि रत्नागिरीला ठाणी आहेत. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा तराफा बुडाला तेव्हा त्यावरच्या २६१ पैकी १८६ जणांना नौदलानं उसळत्या समुद्रातून जिवंत काढलं. मोठ्या समुद्रातली ही ताकद १९४७ मध्ये नव्हती.

तरी १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली तेव्हा पुन्हा तेच दिसलं. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, हेलिकॉप्टर सगळे धावले. पण ते सगळे पोचण्याआधी जवळपासच्या बोटींनी, बंदराच्या कामाच्या एका बोटीनं आणि मच्छीमारांनी कितीतरी लोकांना वर घेतलं होतं. शंभराहून अधिक माणसांपैकी पंधरा गेली. बुडणाऱ्या माणसाजवळ मिनिटं असतात. तेवढ्या वेळात जी बोट येईल ती जवळचीच.

नदीच्या पुरातही हाच हिशोब. आपल्याकडं गोदावरी ओलांडायची जुनी साधनं होती. सुक्या भोपळ्यांची सांगड, गुळाची काहील, टिनाचा किंवा थर्माकोलचा चप्पू. काहिलीत बसून पूर ओलांडलेली म्हातारी माणसं मराठवाड्यात अजून भेटतात. काहील गोल असते, तिला नाक नाही, त्यामुळं ती प्रवाहात गरगर फिरते. पण तळ पसरट असल्यामुळं एक-दोन माणसं मध्ये दबून बसली तर ती तोल सांभाळते. उभं राहिलं की गेली. हेच सूत्र सगळ्या होड्यांना लागू आहे. होडी एका बाजूला कलली की ती बाजू जास्त बुडते, तिथलं पाणी तिला वर रेटतं आणि ती सरळ होते. पण माणसं उभी राहिली की सगळा भार वर जातो, एका अंगाला सरकली की भार तिकडं जातो, आणि पाण्याचा तो रेटा अपुरा पडतो. रामदास याच कारणानं कलंडली. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसं होती. कृष्णेचं पाणी चढत होतं, प्रत्येकाला पहिल्याच फेरीत निघायचं होतं. त्यांना दोष देण्याचं धाडस मला होत नाही. पण काठावर उभं राहून "आता बस, पुढच्या फेरीला" असं म्हणायचा अधिकार असलेलं, शिकवलेलं माणूस तिथं हवं होतं. त्या माणसाला पोलीस किंवा तलाठी इतकंच वजन हवं.

पैठणकरांना २००६ चा ऑगस्ट विसरता येत नाही. धरणातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि गाव पाण्यात गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं पुन्हा तसा पूर पाहिला, बीड, धाराशिव, जालन्यात माणसं छपरांवर आणि झाडांवर अडकली, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, हेलिकॉप्टरं धावून आली. २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. राज्याचं दल धुळे आणि नागपूरला. पावसाळ्यात त्यांची पथकं जिल्ह्यांत आधीच आणून ठेवतात. त्यांच्या हवेच्या बोटी गुंडाळून ट्रकमध्ये बसतात, पंपानं थोड्या वेळात फुगतात. आत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळं एक फाटला तरी बाकीचे तारतात. मागं बसवायचं मोटर इंजिन सुटं असतं. फिरता पंखा पाण्यातल्या माणसाला कापू शकतो, म्हणून अगदी जवळ गेल्यावर इंजिन बंद करून त्याला ओढून घेतात. या जवानांचं काम पाहिलं की मान झुकते. पण पुण्याहून पैठणला यायला रस्त्यानं चार-पाच तास लागतात, आणि पुरात रस्ताच राहत नाही.

म्हणून मला सर्वांत मोलाची वाटते ती आपदा मित्र योजना. २०१६ मध्ये देशातल्या ३० जिल्ह्यांत तिचा प्रयोग झाला, पुढं ३५० जिल्ह्यांत आपत्तीत मदतीसाठी एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचं ठरलं. हे स्वयंसेवक गावातलेच, रोजचं आपलं काम करणारे. हिलरीनं डग्लसमध्ये जे मागितलं होतं त्याच्या सर्वांत जवळ आपण इथं पोचलो आहोत. फक्त त्यांच्या हाताशी होडी हवी. आणि होडी असणं म्हणजे विकत घेऊन गोदामात कुलूपबंद करणं नव्हे. रबर उन्हानं आणि उंदरांनी खराब होतं, इंजिन महिनोन्‌महिने बंद राहिलं की नेमक्या वेळी सुरू होत नाही, जाकिटांचे पट्टे कुजतात. लाँगहोपसारखी ठाणी संकट नसतानाही पुन्हा पुन्हा पाण्यात उतरून सराव करतात. होडीची वाट पाहण्याची रीत म्हणजे ही निगा आणि हा सराव.

नाथसागराच्या काठी हे काम कोण करणार, हे शोधायला लांब जायला नको. दगड, वारा, कुठं खोल आणि कुठं बुडालेल्या गावाची भिंत अजून पाण्याखाली उभी आहे, हे तिथल्या भोई-कहारांना तोंडपाठ आहे. कुणी बुडालं की आजही पहिला निरोप त्यांनाच जातो. ते जाळं टाकून उठतात आणि आपल्याच होडीत, आपल्याच डिझेलवर जातात. बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो आणि त्यांच्या हाती प्रेत येतं. ते काठावर आणून ठेवतात, नातेवाइकांच्या हवाली करतात, हातपाय धुतात आणि पुन्हा जाळ्याकडं जातात. त्यांच्या वस्तीजवळ पाण्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, तीत कडक तळाची एक बोट, दहा जाकिटं, दोर, चालू इंजिन आणि महिन्यातून दोनदा सराव करणाऱ्या बारा माणसांचा मानधनाचा हिशोब, एवढंच मागायचं आहे.

भिवधानोऱ्याच्या मुलांच्या थर्माकोलला सुकाणू नव्हतं, दोर नव्हता आणि अंगावर जाकीट नव्हतं. तरी ती रोज गेली आणि रोज परत आली.